कापलेल्या बोटांचा आवाज

‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी ऐकली. 13 फेब्रुवारी 1970 ला इंग्लंडात निघालेली. मी ऐकली आत्ता, मोबाईलवर. सात गाणी. 1969 च्या ऑक्टोबरात एका दिवसात वाजवून मोकळी केलेली. जादा दिवसांचे पैसे होते कुणाकडं?

सुरुवातीला पाऊस. लांबवर घंटा. मग गिटार अंगावरच येते. तीनच स्वर. सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. यमनात हाच मध्यम गोड लागतो, कारण त्याच्याभोवती सगळं गणगोत असतं. इथं तो एकटा उभाय, वेशीबाहेर. युरोपातल्या जुन्या पंडितांनी स्वरांमधल्या या अंतराला सैतानाचं नाव दिलेलं. म्हणजे विटाळ तिकडं स्वरालाही होता तर!

आता ही पोरं कोण? बर्मिंगहॅममधल्या ॲस्टन या कामगार वस्तीतली. गाणारा ओझी ऑस्बोर्न कत्तलखान्यात राबलेला, चोरीपायी जेल बघितलेला. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. नोकरीचा शेवटचा दिवस, वय 17, आणि मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं उडवली. हा डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. खेळ खलास.

तेव्हा कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोचा हात 1928 साली आगीत भाजला होता, दोन बोटं कामातून गेली होती, तरी गडी वाजवायचा. जँगो जातीनं रोमा. ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेले आणि ज्यांना युरोपनं गावाबाहेरच ठेवलं, त्या भटक्यांतला. तिथून धडा घेऊन टोनीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. चामडं कुठं कुठं उपयोगी पडतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

तो जड, घासत येणारा आवाज या हातातून आलाय. हात दया मागत नाही. कण्हत नाही. वाजवतो.

आपले कार्यकर्ते लगेच विचारतील, यात लढा कुठंय? खरंय. शब्दांत कारखाना नाही, मालक नाही, मजुरी नाही. सैतान आहे, जादूगार आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांबरोबर आपण देवच नाकारला, तिथं सैतानाचं काय कौतुक? ती भुताटकी मला पटत नाही, तुम्हीही घेऊ नका. पण कान शब्दांपाशीच थांबवू नका. पत्रा ठोकणाऱ्या वस्तीची धडधड बिल वॉर्डच्या ड्रममध्ये आहे. शब्दांत नसलेला कारखाना आवाजात आहे.

टीकाकारांनी झोडपलं. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’नंही नावं ठेवली. तरी तबकडी इंग्लंडच्या यादीत आठव्या नंबरावर गेली. विकत घेणारी पोरं समीक्षकांना विचारायला गेली नव्हती. आपल्या कवितेलाही ‘ही कसली भाषा’ म्हणून नाकं मुरडलीच होती की.

पण एक फरक ध्यानात ठेवा, उगाच गळ्यात गळे नकोत. ओझीनं कत्तलखाना सोडला आणि तो वास मागं राहिला. 2025 च्या जुलैत त्यानं ॲस्टनमध्येच शेवटचं गाणं गायलं, ते राजासारखं. त्याच महिन्यात गेला. आपल्याकडं कातडं सोडलं, गाव सोडलं, तरी आडनाव विचारून लोक वास घेतात. आणि आपली हलगी? ती वाजवणं ही कला नव्हती, गावकीची सक्ती होती. ती कुणी टाकली, तर बरोबरच केलं. कुणी आता स्वतःच्या मर्जीनं उचलली, तर तेही बरोबर.

म्हणून म्हणतो, वस्तीतलं एखादं पोरगं उद्या गिटार नाहीतर पत्र्याचा डबा घेऊन कानठळ्या बसवायला लागलं, तर ‘यात बाबासाहेब कुठायत’ म्हणून त्याला लगेच हाणू नका. आधी त्याचे हात बघा. ते कशानं सोललेत ते विचारा. मग ऐका.