मुलगा काय करतो?



बडोद्याच्या आपल्या लोकांच्या आठवणी इथे बरेच दिवस वाचतोय. दांडिया बाजारातले गणपती, सेव-उसळ, जुने वाडे. आज माझी एक सांगतो. विषय दारूचा आहे, तेव्हा आधीच माफी मागतो.

मी आठवीत असताना माझा धाकटा काका लठ्ठा पिऊन गेला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे जे मिळेल ते चोरून प्यायचं, आत काय घातलंय ते कोणी विचारायचं नाही. आजीने आम्हा सगळ्या पोरांना देवघरासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. ती मी आजवर पाळली आहे.

आणि माझाच मुलगा शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, आणि शेफिल्डला एका पबात नोकरीला लागला. फोनवर मी एवढंच म्हणालो, "आजीला काय सांगू?" तो गप्प राहिला. नात्यात, शेजारी, मंडळात कोणी विचारलं की मी सांगायचो, "हॉटेल मॅनेजमेंटमध्ये आहे." सहा वर्षं हेच सांगितलं. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मी दारातल्या पाहुण्यांना तसं सांगितलं, ते त्याने ऐकलं. काही बोलला नाही. त्यानंतर त्याचे फोन मात्र आईलाच यायला लागले.

गेल्या वर्षी सौ.च्या आग्रहाने आम्ही दोघं शेफिल्डला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "बाबा, पब उघडायच्या आधी चला. प्यायला नाही, बघायला."

पबाखाली तळघर होतं. थंड, साधारण बारा डिग्री. धातूची पिंपं लाकडी घोडीवर आडवी मांडलेली. एका पिंपाला ते फर्किन म्हणतात, नऊ गॅलन, म्हणजे साधारण 41 लिटर. त्याने समजावून सांगितलं. नेहमीची कारखान्याची बिअर गाळून, बहुतेक वेळा पाश्चराइज करून, गॅसच्या दाबाने नळाला येते. या पिंपातल्या बिअरला कास्क एल म्हणतात. तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि ती पिंपातच पिकत राहते. पिंप आलं की वरच्या भोकात बांबूची सच्छिद्र खुंटी ठोकायची, जास्तीचा वायू तिच्यातून हळूहळू निघून जातो. मग घट्ट खुंटी लावायची. गाळ खाली बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही. वर दांडा ओढून हातपंपाने ग्लास भरायचा. एकदा तोंड उघडलं की आत हवा शिरते, म्हणून तीनेक दिवसांत पिंप संपायला हवं.

"आणि नाही संपलं तर?"

"ओतून देतो. आंबट झालेली बिअर दिली तर गिऱ्हाईक बनवणाऱ्याला नावं ठेवतं, मला नाही."

मंडळी, मी चौतीस वर्षं डेअरीत क्वालिटीला होतो. आयुष्यभर 72 डिग्रीवर जंतू मारले, आणि माझा मुलगा जंतू सांभाळत बसला होता! पण हातात थर्मामीटर, भिंतीवर तारखांचा तक्ता, नळ्या धुवायची वही हे सगळं माझंच होतं. मी वही उघडून पाहिली. एकही दिवस कोरा नव्हता.

एका पिंपावरचं नाव दाखवून म्हणाला, "हे बनवणारे दोघंच आहेत, नवरा-बायको. इथून चार मैलांवर शेड आहे त्यांची."

तिकडे पुष्कळ पब कंपन्यांच्या मालकीचे असतात. जो पब चालवतो त्याने बिअर त्या कंपनीकडूनच घ्यायची, असा करार असतो. मग छोट्याने चांगली बनवली तरी विकायची कुठे? 1971 मध्ये चार तरुणांनी पिंपातली बिअर वाचवायची चळवळ सुरू केली, तिला कॅमरा म्हणतात. 2002 मध्ये सरकारने छोट्या उत्पादकांना करात सूट दिली. वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बनवणाऱ्याला तेव्हा निम्माच कर होता. तरी नळ हवाच. तो काही साखळ्यांनी दिला. त्यातली सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे वेदरस्पून. 1979 मध्ये लंडनच्या मझवेल हिल भागात एका पबापासून सुरू झाली. आता त्यांचे आठशेच्या आसपास पब आहेत, छोट्यांची बिअर ते ठेवतात, आणि वर्षातून दोनदा एलचा महोत्सव भरवतात. मुलगा आहे त्या दुसऱ्या साखळीतही चार हातपंप गावातल्या छोट्यांसाठी राखलेले.

मी विचारलं, "भाव बरोबर देता का त्यांना?"

तो जरा थांबला. "साखळी आहे बाबा, भाव पाडूनच मागते. पण दर आठवड्याला ठरलेली पिंपं घेते आणि पैसे वेळेवर देते. ते म्हणतात, एवढ्यावर शेडचं भाडं निघतं. माझ्या हातात भाव नाही. पिंप वाया जाऊ न देणं माझ्या हातात आहे."

मला आणंद आठवलं. 1946 च्या आधी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दूध घालायला दुसरी जागाच नव्हती, भाव घेणारा ठरवायचा. मग मंडळ्या झाल्या. आमच्या गाड्या सकाळ-संध्याकाळ गावोगाव जायच्या आणि गावच्या मंडळ्या एका म्हशीवाल्या बाईचं दोन लिटर दूधही फॅट काढून, लिहून घ्यायच्या. गाडी उशिरा आली आणि दूध फाटलं, तर तिचा दिवस बुडायचा. चांगलं बनवणारे सगळीकडे असतात. ते टिकतात ते रोज घेणाऱ्यावर आणि मधल्या माणसाच्या हातावर.

आणि काका आठवला. तो जे प्यायला त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव होतं, ना तारीख, ना कोणाची वही.

वर आल्यावर त्याने ग्लासात घोटभर ओढून उजेडात धरली. स्वच्छ, मधासारखी. मी वास घेतला. भिजवलेलं धान्य, थोडी संत्र्याची साल. चाखली नाही. त्यानेही आग्रह केला नाही. मी म्हणालो, "तुझी वही माझ्या लॅबपेक्षा चांगली आहे." त्याने पाठ फिरवून बराच वेळ तेच एक टेबल पुसलं.

परत आल्यावर आजीच्या फोटोसमोर दिवा लावला. शपथ मोडलेली नाही, तेवढं तिला सांगितलं. मग एका संध्याकाळी ओटल्यावर कोणीतरी विचारलं, "मुलगा काय करतो हल्ली?"

म्हटलं, "पबात आहे. छोट्या लोकांनी बनवलेली बिअर तळघरात सांभाळतो. आणि चांगली सांभाळतो."

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "तिथे थंडी फार असते का हो?"

आता त्याचे फोन मला येतात.