शक, कागद आणि एक काडतूस

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याने रात्री साडेदहाला फोन केला. हा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात जुने व्हिडिओ गेम जमवतो. "मामा, तू पोथ्यांचं खरंखोटं बघतोस ना? मग हे बघ," असे म्हणून त्याने काही छायाचित्रे पाठवली. राखाडी प्लॅस्टिकचे एक काडतूस, त्यावर चिकटवलेला कागद, कागदावर निळ्या शाईत हाताने लिहिलेले खेळाचे नाव. बाजारात कधीच न आलेल्या एका खेळाचा हा मूळ नमुना आहे, खेळ १९९१ सालचा आहे, असे विकणाऱ्याचे म्हणणे. किंमत भाच्याच्या दोन पगारांइतकी.

प्रथम आम्हांला हसूच आले. पण चार-पाच रात्री या विषयात घालवल्यावर ध्यानात आले, की पाठचिकित्सा म्हणून आम्ही जे वर्गात शिकवतो, तेच ही मंडळी करीत आहेत, आणि पुष्कळदा आमच्याहून काटेकोरपणे.

या नमुन्यांत बहुधा ईप्रॉम जातीची चिप असते. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. अतिनील किरण खिडकीतून आत गेले की लिहिलेले सारे पुसले जाते, म्हणून तीवर कागद चिकटवतात. चिपवर ती कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाली, हे बहुधा छापलेले असते. पण गोम अशी, की जुनी कोरी किंवा पुसलेली चिप आजही मिळते, आणि महाजालावर उपलब्ध असलेली खेळाची प्रत तीवर आज उतरवता येते. चिप खरी, मजकूर खरा, आणि वस्तू खोटी! जुन्या वहीची कोरी पाने वापरून बनवलेल्या सनदा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे नवे नाही. त्यामुळे आतला मजकूर उपलब्ध प्रतीशी अक्षरशः जुळला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. पाठभेद असले, अर्धवट टाकून दिलेले तुकडे आत उरलेले असले, तरच काही बोलता येते. खोटे करणारा माणूस सहसा नीटनेटका असतो.

अर्थात खोटे कधी कधी फार स्वस्तात चालते. 'बायो फोर्स एप' नावाचा एक खेळ नव्वदीच्या आरंभी अमेरिकन मासिकातून झळकला आणि रद्द झाला. २००५ मध्ये एकाने तो आपल्याला सापडल्याचे जाहीर करून पडद्याची चित्रे दाखवायला सुरुवात केली. चित्रे बनावट होती, त्यांतले लोण्याविषयीचे संवाद उत्तरोत्तर असंबद्ध होत गेले, तरी काही काळ लोक मानत होते. खरा नमुना २०१० मध्ये एका जपानी लिलावात निघाला. हौशी संशोधकांनी तो विकत घेऊन सर्वांना खुला केला.

आम्हांला अधिक गुंतवून ठेवले ते याच्या उलट प्रकरणाने. शिगेसातो इतोई या जाहिरातलेखकाने रचलेला 'मदर' हा खेळ जपानमध्ये १९८९ साली आला. १९९० मध्ये त्याचे इंग्रजी रूप तयार झाले, पण विक्रीला आले नाही. १९९८ मध्ये त्याचा नमुना प्रकटला. एका गटाने वर्गणी काढून आतल्या मजकुराची प्रत घेतली आणि नंतरच्या खेळाशी घोटाळा होऊ नये म्हणून शीर्षक बदलून 'अर्थबाउंड झीरो' केले. झाले! शीर्षक उपरे, म्हणून सारेच बनावट, असे म्हणणारे निघाले. पुढे २००३ मध्ये जपानमध्ये 'मदर'ची नवी आवृत्ती आली, तेव्हा तीत वेगाने धावण्याची सोय होती, शेवटही वाढवलेला होता. हे दोन्ही बदल मूळ जपानी खेळात नव्हते. त्या इंग्रजी नमुन्यात होते. एका प्रतीने दुसरीची साक्ष दिली. २०१५ मध्ये निन्टेंडोने ते इंग्रजी रूप स्वतःच प्रसिद्ध केले.

इथे आम्ही वाचन थांबवले, कारण बारा वर्षांपूर्वीचा एक वर्ग आठवला. (विसरलो होतो असे नाही.) एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने आजोळाहून एक बाड आणले होते. आरत्या, कटाव, काही अनोळखी पदे. आरंभी शके १७४२, म्हणजे इसवी सन १८२०. आम्ही पान उजेडापुढे धरले. कागदाच्या जलचिन्हात १८७१ हे साल स्पष्ट दिसत होते. लेखनापेक्षा कागद जुना असू शकतो, नवा असू शकत नाही. भर वर्गात आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले, "बनावट आहे." वर्ग प्रभावित झाला. मुलीने बाड पिशवीत ठेवले.

लेखनिक पुष्कळदा समोरच्या प्रतीतला शकही जसाच्या तसा उतरवतो, हे आम्ही त्याच सत्रात शिकवले होते! बाड १८७१ नंतरचे असेल, पदे १८२० ची असू शकतील. हे सुचायला आठवडा लागला, आणि तिला सांगायला दिवाळीची सुटी संपावी लागली. तोवर घरच्यांनी, सरांनीच खोटे ठरवले म्हटल्यावर, ते नदीत सोडले होते. "असू दे सर," ती म्हणाली. त्या पदांतली एक ओळही आम्ही उतरवून घेतली नव्हती.

खेळ जमवणाऱ्यांत आतल्या मजकुराची प्रत काढण्याविषयी एवढी निकड का, हे त्यामुळे आम्हांला निराळे समजावून घ्यावे लागले नाही. चिपवरचा मजकूर वर्षांगणिक विरत जातो. काही संग्राहक मात्र प्रत काढू देत नाहीत. एकमेव असण्यावरच त्यांच्या वस्तूचे मोल अवलंबून असते. आणि प्रत काढल्याशिवाय परीक्षा तर होत नाही.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या आग्रहावरून विकणाऱ्याने काडतूस उघडून आतले छायाचित्र पाठवले होते. चिपवर ९३१७ हा आकडा, म्हणजे १९९३ चा सतरावा आठवडा.

"खेळ एक्क्याण्णवचा आणि चिप त्र्याण्णवची. खोटं ना, मामा?"

उत्तर ओठांवर आले होते. आम्ही म्हणालो, "मूळ नमुना नाही, एवढं नक्की. त्या किमतीला घेऊ नकोस. पण नंतर कोणी उतरवून घेतलेली प्रत असू शकते. आतल्या मजकुराची नक्कल काढू देतो का, विचार."

त्याने विचारले आहे. अजून उत्तर नाही.