ताश्कंदला अडकलेल्या पोरी

पाथर्डीत मैदान म्हणजे कुस्ती, कबड्डी, फार तर टेनिस बॉलचं क्रिकेट. तरी गोकुलम केरळच्या महिला फुटबॉल संघाचा मला लळा लागला, तो ऑगस्ट 2022 मध्ये. फिफानं भारतीय महासंघावर बंदी घातली तेव्हा या पोरी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्याही होत्या. गोंधळ कारभाऱ्यांचा, शिक्षा खेळणारींना! बंदी त्याच महिन्यात उठली, पण त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच. त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईत, आशियाई चषकात, कोरोनानं भारताचा संघच मोडला होता. चायनीज तैपेईशी खेळायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत.

हरल्याचं दुःख पचतं. खेळूच न दिल्याचं कुठं ठेवायचं?

इथून पाठिंबा तो काय देणार म्हणा! हॉटेलात चहाच्या ग्लासाला मोबाईल टेकवायचा. रेंज गेली की चेंडू हवेतच थांबतो. 5 जुलै 2025 ला संगीता बासफोरनं थायलंडवर दोन गोल केले, भारत 2-1 जिंकून 2026 च्या आशियाई चषकात गेला. मी ओरडलो तसा हॉटेलवाला किटली घेऊनच आला. "दुसरा बी तिनंच मारला व्हय?" म्हणाला, आणि चहाचे पैसे मात्र चोख घेतले.