भिंगापलीकडचा माणूस

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. जुनी नाणी किंवा शिंपले गोळा करणाऱ्याकडे लोक कौतुकानेच पाहतात. जुन्या लष्करी दुर्बिणींचा नाद असलेल्या माणसाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या कपाटासमोर उभा राहिलेला पाहुणा आधी कुतूहलाने भिंगाला डोळा लावतो आणि मग हळूच विचारतो, "पण हे तर माणसे मारण्याचेच साधन ना?" ज्या घरात रोज संध्याकाळी पवित्र माळेची प्रार्थना होते, त्या घरात हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे आणि तो टाळणे योग्यही नव्हे. गेली कित्येक वर्षे मी तो स्वतःलाच विचारत आलो आहे.

उत्तर शोधायचे तर या काचेच्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे. साधी नळीची दुर्बीण गॅलिलिओच्या काळापासून माहीत होती. परंतु दोन्ही डोळ्यांनी पाहण्याजोगी, आखूड आणि तरीही शक्तिशाली दुर्बीण बनवण्यासाठी प्रकाशाला आत वळणे घ्यायला लावणे आवश्यक होते. इग्नाझिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ साली लोलकांची अशी रचना सुचवली, की उलटी दिसणारी प्रतिमा त्यांतून सुलट होऊन बाहेर यावी. कल्पना उत्तम, पण तिला साजेशी निर्दोष काच तेव्हा मिळेना. ती पुढे येना या जर्मन गावी ऑटो शॉट यांच्या भट्टीत तयार झाली आणि १८९४ मध्ये कार्ल झाइस यांच्या कारखान्यातून लोलकाची दुर्बीण बाजारात आली. तिचे गणित मांडणारे अर्न्स्ट आबे हे सूतगिरणीतल्या एका कामगाराचे चिरंजीव. दिवसाचे चौदा-सोळा तास उभ्याने राबणारा बाप त्यांनी लहानपणी पाहिला होता. ते स्वतः कारखान्याचे मालक झाले तेव्हा त्यांनी आपली मालकी एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली आणि १९०० साली कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. युद्धासाठी पुढे इतकी उपयोगी पडलेली ही वस्तू अशा न्यायप्रिय माणसाच्या हातून घडावी, हे मला नेहमी विचारात पाडते.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि ब्रिटनच्या ध्यानात आले, की आपल्या सैन्याचे डोळे शत्रूच्या काचेवर अवलंबून आहेत. भिंगांसाठी लागणारी काच बहुतांशी जर्मनीतून येत असे. आपल्या कानपूरला जन्मलेले वृद्ध सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तेव्हा लोकांना आवाहन केले, की घरातल्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या. १९१७ मध्ये अमेरिकेच्या नौदलानेही तेच केले. विनामूल्य काही स्वीकारण्यास तिथे कायद्याची आडकाठी होती, म्हणून प्रत्येक दुर्बिणीमागे एक डॉलर भाडे देण्यात आले. ज्या दुर्बिणींतून कुटुंबांनी घोड्यांच्या शर्यती, नाटके आणि समुद्रावरचे पक्षी पाहिले होते, त्याच आता पाणबुड्या शोधू लागल्या. काच तीच, पाहणाराही बहुधा तसाच एखादा घरंदाज तरुण. बदलला होता तो फक्त पाहण्याचा हेतू.

माझ्याकडची जर्मन दुर्बीण सहा पट मोठे दाखवणारी आहे. जहाजे मोडणाऱ्या दारूखान्यातील एका भंगारवाल्याच्या दुकानी ती लोखंडी साखळ्यांच्या ढिगाशेजारी पडली होती. तिच्यावर कारखान्याचे नाव नाही. फक्त 'बीईएच' ही तीन अक्षरे आहेत. दुसऱ्या महायुद्धात आपले कारखाने शत्रूला कळू नयेत म्हणून जर्मनांनी अशा सांकेतिक अक्षरांचा अवलंब केला होता. 'बीएलसी' म्हणजे येनाचे झाइस, 'डीडीएक्स' म्हणजे फोग्टलेंडर आणि 'बीईएच' म्हणजे वेट्झलार येथील लाइट्झ, लायका कॅमेऱ्याचे जनक. संग्राहकाला ही अक्षरे पाठ असतात. परंतु त्या तीन अक्षरांमागे काय दडले आहे ते मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळाले. हिटलरच्या राजवटीत अर्न्स्ट लाइट्झ यांनी आपल्या यहुदी कामगारांना आणि परिचितांना परदेशी नोकरीच्या निमित्ताने देशाबाहेर काढले. त्यांची कन्या एल्सी हिने एका यहुदी स्त्रीला स्वित्झर्लंडला निसटण्यास साहाय्य केले, म्हणून १९४३ साली तिला गेस्टापोच्या कोठडीत जावे लागले. आणि याच कारखान्यात, याच वर्षांत, युक्रेनमधून बळजबरीने आणलेल्या स्त्रिया सैन्यासाठी राबत होत्या. माझ्या हातातील दुर्बिणीची भिंगे कोणी घासली, मुक्त कारागिराने की घरापासून तोडलेल्या एखाद्या मुलीने, हे त्या भिंगांवर लिहिलेले नाही. म्हणून ती हाती घेताना मी 'सुंदर वस्तू' एवढेच म्हणू शकत नाही.

या वस्तू सांभाळणे हेही एक शिक्षणच आहे. जुन्या काळी दोन भिंगे एकमेकांना चिकटवण्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा चीक वापरीत. वयोमानाने तो पिवळा पडतो, सुटतो आणि भिंगात इंद्रधनुष्यासारखे डाग दिसू लागतात. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि वेळीच पुसली नाही तर काचेवरचा लेपच खाऊन टाकते. पावसाळ्यात मी दुर्बिणी चामड्याच्या पेटीत कधीच ठेवत नाही, कारण चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंड्यांसह ठेवतो. सर्वांत जास्त जपावे लागते ते रेडियमला. रात्री आकडे दिसावेत म्हणून काही लष्करी होकायंत्रांवर आणि नेम धरण्याच्या उपकरणांवर रेडियमचा रंग लावलेला असे. आज तो रंग अंधारात उजळत नाही. त्यातला उजळणारा पदार्थ केव्हाच निकामी झाला आहे. रेडियम मात्र जसेच्या तसे आहे, कारण ते निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. प्रकाश विझला, विष उरले. असे उपकरण हौसेने उघडू नये, त्याचा रंग खरवडू नये आणि ते मुलांच्या हाती देऊ नये, एवढे प्रत्येक नवशिक्याला मी आवर्जून सांगतो.

इथवरच्या गोष्टी दुरून पाहण्याच्या झाल्या. खरी कसोटी लागते ती रायफलीवरच्या दुर्बिणीशी. पहिल्या महायुद्धात हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी आणि क्रिकेटपटू अधिकाऱ्याने १९१६ साली फ्रान्समध्ये नेमबाजांची आणि निरीक्षकांची शाळा काढली. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांचा माग काढणारे लोव्हॅट स्काउट्सचे जवान पितळी दुर्बिणी घेऊन खंदकांत तासन् तास बसत. हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका मांजराची हकिकत आहे. शत्रूच्या खंदकावर एक कबरे मांजर रोज उन्हात पहुडलेले निरीक्षकाला दिसे. उंदीर सगळीकडेच होते, पण मांजर कोणी पाळले असेल, तर तिथे अधिकाऱ्यांचे ठाणे असले पाहिजे, असा तर्क झाला. तो खरा ठरला आणि तोफांनी ती जागा उद्ध्वस्त केली. ज्याने कोणी त्या मांजराला जीव लावला, त्याच्या त्या मायेनेच त्याचा पत्ता दिला. युद्धावरील कित्येक ग्रंथांपेक्षा ही छोटी हकिकत मला अधिक अस्वस्थ करते.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश 'क्रमांक ३२' ही रायफलीवरची दुर्बीण संग्राहकांमध्ये फार मानली जाते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे निवडक रायफलींवर ती बसवली जाई. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशी जुळवलेली असे; दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या लाकडी दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पकडीवर कोरला जाई. युद्धानंतर अनेक जोड्या फुटल्या, आणि त्या पुन्हा एकत्र आणण्यासाठी संग्राहक आयुष्य वेचतात. इंग्लंडला नातलगांकडे गेलो असताना तेथील धर्मग्रामातील एका वृद्ध संग्राहकाने अशी एक सुटी दुर्बीण माझ्या हाती दिली. मी ती खिडकीतून बाहेर रोखली. सुमारे दोनशे पावलांवर एक गृहस्थ कुत्र्याला फिरवीत होते. त्यांनी थांबून टोपी काढली, डोके खाजवले आणि वाकून कुत्र्याशी काहीतरी बोलले. भिंगातील काळ्या खांबाचे टोक नेमके त्यांच्या छातीवर आले होते. रायफल नव्हती, गोळी नव्हती, मनात वैर नव्हते. तरीही माझा हात आपोआप खाली आला. त्या गृहस्थांना काहीच कळले नाही. मला मात्र कळले, की नुसत्या डोळ्यांना जी आकृती होती, तो काचेतून माणूस झाला होता, आणि ज्याला गोळी झाडायची त्याला आधी तो माणूस दिसलेला असतो.

मारण्यासाठी माणूस दूर असावा लागतो, असे आपण समजतो. शत्रूचा चेहरा दिसला असता तर युद्धे थांबली असती, असे प्रवचनांतून ऐकलेही आहे. ते अर्धेच खरे आहे. १९१४ च्या डिसेंबरात पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी निदान ख्रिस्तजन्माच्या रात्री तरी तोफा शांत ठेवाव्यात अशी याचना केली. राज्यकर्त्यांनी ती मानली नाही. तरीही फ्लँडर्सच्या आघाडीवर अनेक ठिकाणी इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांबाहेर आले, त्यांनी तंबाखू वाटून घेतली, आपापले मृत पुरले. ते एकमेकांना दिसले म्हणून हे घडले नाही. दिसत तर ते आधीपासून होते. ते चालत गेले म्हणून घडले. प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही तेच आहे. वाटेवर पडलेला जखमी माणूस याजकाला दिसला, लेव्याला दिसला आणि शोमरोनी माणसालाही दिसला. तिघांचीही दृष्टी शाबूत होती. फरक पडला तो दिसल्यानंतर.

म्हणून पाहुण्याच्या प्रश्नाला मी आता एवढेच उत्तर देतो, की दुर्बीण माणसाला जवळ आणते. शेजारी करीत नाही. ते काम काचेचे नव्हे. हा संग्रह मी शौर्याची स्मारके म्हणून ठेवलेला नाही. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी आहे. तीवर ती कोठे बनली, कोणासाठी बनली आणि तिच्यामुळे कोणाचे काय झाले असावे, हे जेवढे ठाऊक आहे तेवढे लिहिले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले कधीमधी येतात, तेव्हा आम्ही गच्चीवर जाऊन तीच जर्मन दुर्बीण चंद्राकडे लावतो आणि मिठागरांवरचे बगळे पाहतो. मुले ती उलटी धरून हसतात, कारण हाताच्या अंतरावरचा मित्र एकदम मैलभर लांब गेलेला दिसतो. त्यांच्यासाठी तो खेळ आहे. आपण मोठी माणसे मात्र भाऊबंदांकडे, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे, परधर्मीयांकडे वर्षानुवर्षे तशाच उलट्या दुर्बिणीतून पाहत असतो, आणि ती सुलट करायला कोणत्याही कारखान्याची गरज लागत नाही.