शिखराच्या अलीकडें

शिखर गांठून आलेल्या माणसाची हकीकत ऐकावयाला सर्वांनाच आवडतें. मी सांगणार आहें ती हकीकत मात्र शिखर न गांठलेल्या माणसाची आहे. ती सांगण्याचें धैर्य यावयाला मला बरेच दिवस लागले. कां लागले हें पुढें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

आम्ही चौघे बालमित्र. एक डॉक्टर, एक वकील, एक मास्तर आणि एक बँकेंतला कारकून, म्हणजे मी. शाळेपासूनची ओळख असूनहि आतां आम्ही एकमेकांना धंद्याच्या नांवानेंच हांका मारतों. सिंहगड, राजगड, तोरणा हे आमच्या अंगणांतलेच. कळसूबाईलाहि दोनदां जाऊन आलों होतों. पण महाराष्ट्रांतलें हें सर्वांत उंच शिखर झालें तरी ५,४०० फुटांचें. पन्नाशी उलटण्यापूर्वीं एकदां तरी बर्फांत पाय रोवून हिमालयाचें एखादें शिखर चढावें, असा मास्तरनें ध्यास घेतला होता. दर रविवारीं तो आमच्याकडे चहाला येई आणि झोपाळ्यावर नकाशा पसरून बसे. शेवटीं २०१९ च्या जानेवारींत उत्तराखंडांतील केदारकंठा हें १२,५०० फूट उंचीचें शिखर चढावयाचें ठरलें.

निघतांना आईनें सुंठीच्या वड्या, मेतकूट व डिंकाचे लाडू असा डबा बांधून दिला. "फार दमूं नकोस, आणि कांहीं दुखलें-खुपलें तर अंगावर काढूं नकोस," असें ती म्हणाली. हें सांगणारी आई माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नांत चार दिवस तापानें फणफणलेली असतां पंगतींतून वाढीत होती, आणि तें आम्हांला पांचव्या दिवशीं कळलें. पुढें कित्येक वर्षें आमच्या घरांत ही गोष्ट कौतुकानें सांगत असत.

डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी अशा मार्गानें दिवसभर मोटार वळणें घेत राहिली, आणि अंधार पडतांना आम्ही सांकरी या गांवीं पोंचलों. गांव ६,४०० फुटांवर. लाकडी घरांच्या छपरांवर वीतभर बर्फ होता. गांवचाच एक तरुण वाटाड्या व त्याचा एक सोबती आमच्याबरोबर येणार होते. या तरुणाची एक रीत होती. रोज सकाळ-संध्याकाळ तो प्रत्येकासमोर बसे आणि तीन प्रश्न विचारी. डोकें दुखतें कां? जेवण गेलें कां? झोंप लागली कां? "सब ठीक है" एवढ्यानें त्याचें समाधान होत नसे; कोण किती पोळ्या जेवला हें तो स्वतः पाही. वकिलाला त्याच्या या उलटतपासणीची मोठी मौज वाटे.

दुसऱ्या दिवशीं देवदार व ओक यांच्या रानांतून चढत आम्ही 'जुडा का तालाब' या तळ्याशीं, ९,१०० फुटांवर, मुक्काम केला. तळें गोठून पांढऱ्या परातीसारखें झालें होतें. तिसऱ्या दिवशीं बर्फ गुडघ्याला लागला. बुटांना लोखंडी काट्यांच्या साखळ्या बांधल्या. बर्फांत चालण्याची विद्या निराळीच. सह्याद्रींत पाय कोठें ठेवावा हें डोळा सांगतो. येथें पुढच्याच्या पावलांत आपलें पाऊल ठेवावयाचें, बुटाचें टोंक आधीं रुतवावयाचें आणि मग भार टाकावयाचा. त्या दिवशीं मास्तर सर्वांत पुढें होता. आम्ही त्याच्याच पावलांवर पाय देत होतों.

सुमारें ११,००० फुटांवर तंबू ठोकले. तेथें पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतें, त्यामुळें डाळ शिजतां शिजेना. पाण्याची बाटली पालथी ठेवावी लागते. कारण बर्फ वरून धरूं लागतो, आणि बाटली पालथी असली म्हणजे बूच मोकळें राहतें. असल्या गोष्टी मास्तर वहींत टिपून घेत होता. परत गेल्यावर त्या वर्गांत सांगावयाच्या होत्या.

सायंकाळीं समोर स्वर्गारोहिणी तांबूस झाली. तें शिखर २०,५०० फुटांचें. धर्मराज याच वाटेनें सदेह स्वर्गास गेला अशी श्रद्धा आहे. वकील म्हणाला, "द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले, पण धर्मराजानें एकदांहि मागें वळून पाहिलें नाहीं. म्हणून तो पोंचला." आम्ही हंसलों. डॉक्टर म्हणाला, "पण स्वर्गाच्या दारांत कुत्र्याला सोडून जावयाला तो तयार झाला नाहीं, तेंहि विसरूं नकोस."

जेवणानंतर मी बाहेर आलों तों मास्तर तंबूमागें ओणवा होऊन ओकत होता. मला पाहतांच त्यानें मूठभर बर्फानें तोंड पुसलें. "डोकें जरा ठणकतें आहे. डॉक्टरला सांगूं नकोस हं. माझ्यापायीं तुम्हां सगळ्यांचा विरस नको." मीं "बरें" म्हटलें. मित्राचा शब्द राखतों आहें, असें मीं मनाला सांगितलें. खरें पाहतां त्याच्याबरोबर आपलीहि वारी बुडेल ही भीति मनांत आधीं आली, आणि शब्द राखण्याचा विचार मागाहून. वाटाड्या विचारावयाला आला तेव्हां मास्तर म्हणाला, "कांहीं नाहीं, सगळें ठीक." त्याच्या ताटांतलें उरलेलें अन्न मीं तत्पूर्वींच बर्फांत पुरून टाकलें होतें.

पहाटे तीनला निघालों. कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडापलीकडे कांहीं दिसत नव्हतें. पायांखालीं बर्फ करकरत होता. १२,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनहि कमी असतो. दर पावलाला थांबून श्वास घ्यावा लागे. मास्तर आतां सर्वांच्या मागें पडला होता. त्याचा एक हातमोजा गळून पडला आणि त्याला तें कळलेंच नाहीं. वाटाड्यानें तो उचलला, त्याच्या तोंडावर दिवा धरला आणि खालच्या गांवाचें नांव विचारलें. मास्तरनें आपल्या शाळेचें नांव सांगितलें.

डॉक्टर झटकन् खालीं आला. त्यानें काठीनें बर्फांत एक सरळ रेघ ओढली व टांचेला चवडा लावीत तिच्यावरून चालावयास सांगितलें. तिसऱ्या पावलाला मास्तर कलंडला. विरळ हवेमुळें मेंदूला सूज येऊं लागली कीं असा तोल जातो, आणि त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे तत्काळ खालीं उतरणें. बसून विसांवा घेतल्यानें भागत नाहीं, आणि औषध दिलें तरी उतरणें चुकत नाहीं.

"काल रात्रीं कसा होता हा?" डॉक्टरनें विचारलें. कोणी बोलेना. मग मीं सांगितलें. डॉक्टर मला एका शब्दानें बोलला नाहीं. त्यानें नुसतें माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें मी अजून विसरलों नाहीं.

वाटाड्याचा सोबती आणि डॉक्टर यांनीं मास्तरला घेऊन उतरावें, वकिलानें व मीं वाटाड्याबरोबर वर जावें, असें डॉक्टरनेंच सुचविलें. शिखर तासाभरावर होतें. मी उतरलों. यांत औदार्य कांहींच नव्हतें. शिखरावर उभें राहून फोटो काढून घेण्याचें तोंड मला उरलें नव्हतें, इतकेंच.

मास्तरच्या एका खांद्याखालीं डॉक्टर, दुसऱ्या खांद्याखालीं मी. सोबती पुढें राहून पाऊल दाखवीत होता. वाटेंत उजाडलें. स्वर्गारोहिणीच्या माथ्यावर प्रथम एक सोनेरी रेघ आली, मग सारा पर्वतच उजळून निघाला. मास्तर थांबला. "पोंचलों कां रे?" त्यानें विचारलें. "हो," डॉक्टर म्हणाला, "चल आतां."

तळ्याशीं येईतों आम्ही तीन हजार फूट उतरलों होतों. तेथें त्याचें डोकें हलकें झालें, आणि पाऊल सरळ पडूं लागलें. रात्रीं सांकरीला तो दोन पोळ्या जेवला. शिखरावरून उतरून आलेला वाटाड्या त्या मोजीत समोर बसला होता. जातांना तो मला म्हणाला, "साहेब, बर्फ डोळ्यांना दिसतो. माणसाचें दुखणें त्यानें सांगितल्याशिवाय मला कसें दिसावें?" वकिलानें शिखरावरचे फोटो आठ दिवस कोणाला दाखविले नाहींत.

परतीच्या गाडींत मी याच वाक्याचा विचार करीत होतों. दुसऱ्याचा विरस नको म्हणून आपलें दुखणें गिळावें, ही आमच्या घरांची जुनी शिकवण. चारचौघांत राहावयाचें तर थोडें सोसावेंच लागतें, हें खरें. पण एकाचें सोसणें दुसऱ्यांच्या सोयीचें होऊं लागलें, म्हणजे तें कोणी विचारीनासें होतें. आणि जो पाहतो तोहि न पाहिल्यासारखें करतो. त्या रात्रीं मास्तरनें दुखणें लपविलें तें आमच्यासाठीं. मीं लपविलें तें माझ्यासाठीं.

घरीं आल्यावर आईला सारें सांगितलें, पुरलेल्या अन्नासकट. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग मी त्या वाटाड्यासारखा तिच्यासमोर बसलों आणि विचारलें, "आई, तुझें काय दुखतें?"

"कांहीं नाहीं रे."

मी उठलों नाहीं. स्वयंपाकघरांत कुकरची शिटी झाली तरी उठलों नाहीं. शेवटीं पदर सारखा करीत ती म्हणाली, "डावा गुडघा. दिवाळीपासून जिना उतरवत नाहीं."

तेव्हां जानेवारी संपत आला होता. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर तिला पाहून गेला, आणि त्याच आठवड्यांत आम्हीं तिचें अंथरूण खालच्या खोलींत आणलें. लग्नांतल्या त्या तापाची गोष्ट आमच्या घरांत आतां कोणी कौतुकानें सांगत नाहीं.