आला तो देव, गेला तो गद्दार

(द्वितीय वर्ष, कला)

कोल्हापूरच्या पेठेत जन्मलेल्या मुलाला फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. ती हवेतूनच लागते. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीचा सामना असला की आमची गल्ली ओस पडते. वडील फौंड्रीत कामाला, आई शिवणकाम करणारी. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरात पुस्तकांचे कपाट नाही, पण देवांच्या तसबिरींशेजारी लिव्हरपूलच्या लाल पोशाखातल्या अकरा जणांचे चित्र मात्र आहे. मित्राच्या मोबाईलवर रात्री-अपरात्री सामने पाहता पाहता हा सातासमुद्रापलीकडचा क्लब माझा कधी झाला, हे मलाही कळले नाही.

युरोपात उन्हाळ्यात एक हंगाम संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. त्या दिवसांत आम्हा शौकिनांना झोप नसते. कोण आला, कोण गेला, किती पौंड मोजले, याच चर्चा. २०२५ चा उन्हाळा तर विसरणे शक्य नाही. लिव्हरपूल नुकतेच विसाव्यांदा इंग्लंडचे विजेते झाले होते आणि तरीही क्लबने चाळीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम नव्या खेळाडूंवर ओतली. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनहून फ्लोरियन व्हिर्ट्झ आणि जेरेमी फ्रिंपाँग आले, फ्रँकफुर्टहून ह्यूगो एकिटिके आला, बोर्नमथहून मिलोश केर्केझ आला.

१ सप्टेंबरला आपल्याकडच्या रात्री साडेअकराला बाजार बंद व्हायचा होता. त्या रात्री अलेक्झांडर इसाक आमचा झाला. किंमत साडेबारा कोटी पौंड, म्हणजे सुमारे पंधराशे कोटी रुपये! इंग्लंडमधल्या कोणत्याही क्लबने तोवर एका खेळाडूसाठी एवढे मोजले नव्हते. मी असा काही ओरडलो की आई दचकून उठली. हा इसाक आपल्या न्यूकॅसल क्लबकडून खेळायला तयार नव्हता, त्यासाठी तो अडून बसला होता, हे मला ठाऊक होते. पण तो आमच्याकडे येत होता ना! मग ती त्याची जिद्द ठरली.

माझे मत विचाराल तर या खरेदीत एकिटिकेची निवड मला सर्वांत पटली. पहिल्याच लीग सामन्यात त्याने गोल केला आणि कुणाच्या पायात पाय न घालता तो संघात मिसळून गेला. व्हिर्ट्झ गुणी खरा, पण त्याच्यासाठी संघाची बसलेली घडीच मोडावी लागली. इसाक उशिरा आला, सरावाविना आला, आणि २० डिसेंबरला गोल मारताना त्याचा पाय मोडला. लुईस दियाझसारख्या धावणाऱ्या खेळाडूला बायर्नला विकणे मला कधीच पटले नाही. बचावफळीत एक भक्कम माणूस हवा होता, तिकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून दोन महिन्यांत बारापैकी नऊ सामने आम्ही हरलो. त्याच उन्हाळ्यात, ३ जुलैला, दियोगो जोटा अपघातात गेला होता. क्लबने त्याचा वीस क्रमांक कायमचा मिटवला. असा घाव बसलेल्या संघाला पैशाने एकजीव करता येत नाही, हे तेव्हा समजले.

पण या लेखाचे खरे कारण वेगळेच आहे. ज्या वर्षी मी इसाकसाठी ओरडलो, त्याच वर्षी मे महिन्यात मी ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डला शिव्या दिल्या होत्या. लिव्हरपूलचाच मुलगा, सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला. तो क्लब सोडणार हे जाहीर झाले आणि ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला, तेव्हा त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. इथे पेठेत बसून मीही त्या हुर्योत सामील झालो. माझ्या तोंडी एकच शब्द होता : गद्दार.

हाच शब्द पुढे माझ्या मित्रासाठी वापरला. आमच्या तालमीचा गोलकीपर. लहानपणापासून आम्ही एका गल्लीत चेंडू मारला. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी झाली तेव्हा तो समोरच्या पेठेच्या तालमीकडे गेला. त्यांनी त्याला मानधन आणि एका दुकानात काम देऊ केले होते. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, डोक्यावर कर्ज. मला हे सारे माहीत होते. तरी मी बोलणे टाकले. रस्त्यात दिसला की मान फिरवू लागलो.

एके रात्री जेवताना मी त्याच्यावर तोंडसुख घेत होतो. आबा मुकाट्याने ऐकत होते. हात धुता धुता म्हणाले, "तीन शेठ बदललं मी. दर बारीला चार पैसं जास्त मिळत हुतं म्हणून. मग मी बी गद्दारच की."

मला घास गिळवेना. त्यातल्याच एका वाढीव पगारातून माझी अकरावीची फी भरली गेली होती.

नंतर वाचनालयात जॉर्ज ईस्टहॅमची हकिगत वाचनात आली. १९६० साली त्याला न्यूकॅसल सोडायचे होते. करार संपला तरी क्लब त्याला सोडेना, कारण तेव्हाचे नियमच तसे होते. त्याने खेळणे थांबवले आणि दुसरीकडे नोकरी धरली. अखेर तो आर्सेनलला गेला, पण खटला मागे घेतला नाही. १९६३ साली न्यायालयाने क्लबांची ती अडवणूक अन्यायाची ठरवली. आज खेळाडू मानाने क्लब बदलतात त्यामागे असा एक जण उभा आहे. आपण ज्याला निष्ठा म्हणतो, ती कित्येकदा दुसऱ्याने आपल्यासाठी उपाशी राहण्याची अपेक्षा असते.

याचा अर्थ मी इसाकच्या अडून बसण्याची आरती ओवाळतो असे नाही. निघताना माणसाने मागच्यांशी नीट वागावे, एवढे मला अजूनही वाटते. पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आम्हाला अभिमानच वाटला. मग पलीकडच्या पेठेत गेलेला मित्रच तेवढा परका का?

दोन दिवसांनी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. तो वडिलांना पेज भरवत होता. मान वर करून म्हणाला, "ये की आत. दारातच हुबा ऱ्हाणार व्हय?"

पुढच्या सामन्यात त्याने आमच्या तालमीचा एक हमखास गोल अडवला. सारी गॅलरी त्याला शिव्या घालत होती. मी टाळी वाजवली. शेजारच्याने माझ्याकडे रागाने पाहिले. सामना आम्ही हरलो, याचे वाईट मात्र मला अजून वाटते.