हाक मारून पाहा

मुलांनो, माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. ती सर्वांसाठी खुली आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा प्रवेशअर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि इंटरनेट बंद पडले. बहीण रडवेली झाली. अम्मी म्हणाली, "बेटा, संगणक दुकानात ने." मी म्हटले, "आधी दोष कुठे आहे ते पाहू."

तार घट्ट होती. राउटरचे दिवे लागले होते. 'पिंग' ही आज्ञा देऊन मी राउटरला हाक मारली. उत्तर आले. मग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारली. तेथूनही उत्तर आले. मात्र संकेतस्थळाचे नाव लिहिले की काहीच उघडेना. म्हणजे रस्ता चालू होता. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा तेवढी गप्प होती. मी सेटिंगमध्ये दुसऱ्या डीएनएसचा क्रमांक लिहिला. अर्ज वेळेत गेला.

तुमचे गणित चुकले, तर सगळे खोडू नका. कोणत्या पायरीपर्यंत ते बरोबर आहे, हे आधी पाहा.